उसना कान

गेगा, ग्लास खाली ठेव.
आज पंगतीचा तमादा मी आहे, आणि तमादा बोलत असताना
कुताइसीत कोणी घोट घेत नाही.

तू विचारलंस, काका, तुमचं मत काय?
मला मत नाही, कान आहे.
डाव्या बाजूला, केसांखाली, कोटाच्या बटणाएवढं चुंबक
आणि आत, शंखात शिरलेली बावीस टोकांची तार.

एकसष्टाव्या वर्षी तिबिलिसीत
डॉक्टर एतेरीने ती पहिल्यांदा चालू केली
तेव्हा वाटलं, कोणीतरी पत्र्यावर वाटाणे ओततंय.
ती विचारत होती, "गामार्जोबा, ओतारसाहेब, ऐकू येतं का?"
मी म्हणालो, वाटाणे बोलतायत.

मग तीन महिने.
पांढऱ्या पुलाखाली रिओनी ऐकू आली,
आधी तेलात काहीतरी तळल्यासारखी, मग पाण्यासारखी.
शेजारची नुनू जिन्यात शिव्या देते, हे कळलं;
सोळा वर्षं मी तिला सोज्वळ समजत होतो.
फायदा मी नाकारत नाही. ज्याला नाकारायचाय
त्याने आधी आठवडाभर बहिऱ्याचं हसू हसून बघावं,
सगळे हसले की एक क्षण उशिरा.

आणि चैन बघ.
तुम्ही जन्मजात कानवाले कानांवर हात ठेवता
तरी बोटांच्या फटीतून जग आत येतंच.
मी चुंबक काढतो, मिठाच्या वाटीशेजारी ठेवतो.
निवडणुका, कुत्री, जावयाचे सल्ले,
सगळं एका अंगठ्यात बंद.

पण त्सिसाना.
ऑपरेशनच्या नऊ वर्षं आधी गेली.
शेवटची सात वर्षं मी तिचे ओठ ऐकले.
एक कॅसेट आहे, बातुमीची, मी धडधाकट होतो तेव्हाची.
बहिणीला ती आलुबुखाराच्या आंबट चटणीची कृती सांगतेय,
मध्येच म्हणते, "ओतार, खिडकी लाव."

कॅसेट लावली.
अनोळखी बाई बोलली.
शब्द तेच, लसूण तितकाच, आवाज
कुठल्याशा फलाटावरच्या घोषणेचा.
आणि वाईट ते पुढेच.
जुना आवाज मी बहिरेपणात मुरवून ठेवला होता,
झाकण घट्ट लावून.
आता शोधायला जातो
तर ही फलाटावरची बाई दार उघडते.

एतेरी म्हणाली, नवं सॉफ्टवेअर आलंय, आवाज अधिक नैसर्गिक होईल.
झाला.
तिसरीच बाई.

गेल्या हिवाळ्यात कंपनी विकली गेली.
पत्र आलं: प्रिय ग्राहक,
आपल्या मॉडेलच्या बॅटऱ्या डिसेंबरनंतर मिळणार नाहीत.
मी बहात्तरीत आहे. आधी कोण संपतं, बॅटरी की मी,
यावर नुनूने चर्चमधल्या बायकांशी पैज लावलीय.

आणि तू, सव्वीसचा, सशासारखे कान,
सोलला जाऊन ते कापून घेणार,
वटवाघळांचं ऐकायचंय, भिंतीपलीकडचं ऐकायचंय.
भिंतीपलीकडे काय असतं रे?
कोणीतरी खोकतं. कोणीतरी तुझ्याबद्दल बोलत नाही.

जाऊ नकोस, असं मी म्हणत नाही.
कोणी मला पुन्हा एकसष्टचा केला
तर मी पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसेन,
त्सिसानाचं माहीत असूनही बसेन.
ही गोष्ट मला स्वतःबद्दल फारशी आवडत नाही.

फक्त निघण्याआधी आईला स्वयंपाकघरातून हाक मारू दे.
साधंच काहीतरी. मीठ दे, दार लोटून घे.
लगेच उत्तर देऊ नकोस.
दुसऱ्यांदा हाक मारू दे, जरा चिडून.

थांबा, टिकटिक सुरू झाली.
लाल दिवा. ही गेली बॅटरी, नवी कोटात आहे,
आणि कोट नुनूकडे.

तर मग, त्सिसानाच्या नावाने. गाउमार्जोस.
प्या.
आणि ज्याला काही म्हणायचंय
त्याने माझ्याकडे तोंड करून म्हणा.